आधार किती, जाच किती: बेघर माणसाची नाती मोजायची कशी?

जनगणनेच्या हालचाली पुन्हा सुरू झाल्या आहेत. १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची देशाची लोकसंख्या यावेळी नोंदली जाणार आहे. मागच्या वेळी, २०११ साली, बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात, सिमेंटच्या पाइपात झोपलेली १७ लाख ७३ हजार माणसं त्या रात्री देशभरात नोंदली गेली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून जास्त. हा आकडा लागतोच, त्याशिवाय निवारे किती बांधायचे हे ठरत नाही. पण नात्याबद्दल जनगणना एकच गोष्ट विचारते: कुटुंबप्रमुखाशी तुमचं नातं काय? फलाटावर झोपणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं काय उत्तर देता येईल?

मी समाजकार्य शिकवते. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन रात्रीच्या पाहणीला जाते. परभणी जंक्शनवर काही वर्षांपूर्वी एका आजीपाशी बसले होते. सत्तरीच्या असतील. हातातल्या फॉर्मवर पहिला प्रश्न छापलेला होता: तुम्हाला कोणी आहे का?

"कोनी नाई माय," त्या म्हणाल्या. मी ‘नाही’वर खूण केली.

मग सहज विचारलं, "आजी, संडासला जाता तेव्हा बोचकं कुठं ठेवता?"

"ह्याच्यापाशी." शेजारी पालथ्या झोपलेल्या माणसाकडे त्यांनी हनुवटीने दाखवलं. "ताप आल्ता मला, तर ह्यानंच दवाखान्यात नेलं. चहा आनून देतो सकाळी." थोडं थांबून, आवाज खाली करून म्हणाल्या, "पिऊन आला की लाथा घालतो."

फॉर्मवर तोवर ‘कोणी नाही’ अशी खूण झालेली होती, आणि समोर ताप आला तर दवाखान्यात नेणारा आणि लाथ मारणारा एकच माणूस झोपला होता. हा लेख त्या खुणेबद्दल आहे. अशा नात्याची नोंद करायची कशी, ती बरोबर झाली हे कळायचं कसं, आणि चुकली तर कोणाचं काय बिघडतं?

आधार म्हणजे नेमकं काय

‘सामाजिक आधार’ हा पुस्तकी शब्द. अर्थ साधा: अडचणीला उभं राहणारं माणूस. अभ्यासकांनी त्याचे चार प्रकार केले आहेत. पहिला जिव्हाळ्याचा, म्हणजे जवळ बसणारं, ऐकून घेणारं कोणी. दुसरा वस्तूचा किंवा कष्टाचा: पैसे, भाकरी, वाकळ, दवाखान्यात सोबत. तिसरा माहितीचा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, कोणालाही जेवायला मिळतं, हे पहिल्यांदा कोणीतरी सांगावंच लागतं. चौथा प्रकार म्हणजे कोणीतरी आपली किंमत करणं. "तुम्ही म्हणला होता तसंच झालं बघा," असं एखाद्याने म्हणणं. रस्त्यावर राहणाऱ्याला सगळ्यात कमी मिळतो तो हाच, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

याच्या पलीकडे आणखी एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मिळालेली मदत वेगळी, आणि ‘वेळ आली तर मिळेल’ ही खात्री वेगळी. मन कितपत ताळ्यावर राहतं याचा संबंध मिळालेल्या मदतीपेक्षा या खात्रीशी जास्त असतो, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. कारण उघड आहे. जो जास्त अडचणीत, त्याला मदतही जास्त मिळालेली असते, म्हणून नुसती मदत मोजली तर सर्वांत हैराण माणूस सर्वांत आधार असलेला दिसू लागतो.

दुसरी बाजू संघर्षाची. तिला मी या लेखात ‘जाच’ म्हणणार आहे, कारण लोक तोच शब्द वापरतात. मारणं, शिव्या देणं, पैसे काढून घेणं, जागेवरून हुसकणं, सतत चुका काढणं, केलेल्या उपकाराची आठवण करून देणं, हे सगळं त्यात येतं.

हे मोजायची उठाठेव कशाला? नात्यांचा आयुष्यमानाशी सरळ संबंध आहे म्हणून. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांची नाती भक्कम होती त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. ज्याच्याकडे घर, पगार, विमा, यांतलं काहीच नाही, त्याच्याकडे फक्त माणसं उरतात.

विहिरीचं पाणी

बहुतेकांना वाटतं की आधार आणि जाच ही एकाच काठीची दोन टोकं आहेत. एक वाढलं की दुसरं कमी. तसं नाही.

आपल्याकडे विहीर घ्यायची तर शेतकरी दोन गोष्टी विचारतो. पाणी किती परस आहे? आणि गोडं आहे की मचूळ? भरपूर पाण्याची विहीर मचूळ असू शकते. हातभर पाण्याची विहीर अमृतासारखी गोड असू शकते. पाणी किती हे सांगून चव कळत नाही. नात्याचंही तेच आहे, त्याला दोन मापं लावावी लागतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या जोडप्याला विचारा. मुकादमाने उचल दिली म्हणून पोरीचं लग्न झालं. त्याच उचलीपायी तो हंगामभर बोलेल ते ऐकून घ्यावं लागतं. मुकादम आधार की जाच? कोयता हातात घेतलेला माणूस ‘दोन्ही’ म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे.

अभ्यासकांनाही हे उशिरा लक्षात आलं. सुरुवातीची बरीच वर्षं ते आधारच मोजत होते. १९८४ साली कॅरेन रूक या अमेरिकी संशोधिकेने ६० ते ८९ वयाच्या १२० विधवा स्त्रियांना दोन्ही बाजू विचारल्या. मनाच्या स्वास्थ्याशी चांगल्या नात्यांपेक्षा त्रासदायक नात्यांचा संबंध जास्त घट्ट निघाला. पुढे १९९१ मध्ये ग्रेगरी पीअर्स आणि आयर्विन व बार्बरा सॅरसन यांनी २५ प्रश्नांची एक मोजपट्टी मांडली. ती एकेका नात्याबद्दल तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारते: आधार किती, संघर्ष किती, आणि ते नातं तुमच्या आयुष्यात किती खोल आहे. मोजपट्टी म्हणजे ठरावीक प्रश्नांचा संच, ज्याच्या उत्तरांना गुण देता येतात. एवढा एकच तांत्रिक शब्द पुढे लागेल.

वजाबाकी केली की काय हरवतं

विद्यार्थी दरवर्षी एक सूचना करतात. आधाराचे गुण घ्या, त्यातून जाचाचे वजा करा, एक आकडा आला, काम सोपं.

करून पाहू. समजा आधाराचे चार प्रश्न आणि जाचाचे चार, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे दोन्हीकडे जास्तीत जास्त १२. फलाटावरच्या त्या माणसाला आजी आधाराचे ९ देतील आणि जाचाचे ८. वजाबाकी: १. आता स्टेशनबाहेरचा एक पेपरवाला घ्या, ज्याने एकदा अंथरायला रद्दी दिली. आधार १, जाच ०. वजाबाकी: १.

दोघांचा आकडा एकच. एकाने आजीचं आयुष्य धरून ठेवलंय आणि मोडलंयसुद्धा. दुसऱ्याचा चेहराही त्यांना आठवणार नाही. वजाबाकीने नेमकं तेच पुसलं जे बघायला आपण गेलो होतो.

सरासरीनेही असंच होतं. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस भरला की सरकार अतिवृष्टी धरतं. यंत्र ज्या गावात उभं आहे तिथे कमी पडला आणि आपलं शिवार वाहून गेलं, तर कागदावर काय राहतं हे मराठवाड्याला सांगायला नको. पाच माणसं थोडा थोडा आधार देतात आणि सहावा रोज मारतो, तर सरासरी बरी दिसते. म्हणून माणूसवार मोजायचं, आणि सर्वांत जास्त जाच कोणाचा हे स्वतंत्र लिहायचं.

फलाटावर बसून विचारायचं तर

‘तुम्हाला कोण आहे?’ असं विचारलं की लोक रक्ताचं नातं शोधतात आणि नाही म्हणतात. म्हणून नाव काढून घ्यायला कामाचे प्रश्न लागतात. बोचकं कोणापाशी ठेवता? रात्री पोटात दुखलं तर कोणाला उठवता? वीस रुपये उसने कोण देतं? भाकरी अर्धी करून कोणाला देता? आणि जाचाचेही तसेच: कोणाला पाहिलं की जागा बदलता? तुमचे पैसे कोण काढून घेतं? कोणाचा आवाज ऐकला की झोप उडते?

खरं नाव लिहायचं नाही. ‘लाल स्वेटरवाला’, ‘चहावाली’, ‘गावचा भाऊ’ एवढं पुरतं. कोणी कुत्र्याचं नाव घेतलं तर तेही लिहायचं. माझ्या अनुभवात बरेच जण घेतात, आणि नंतर ‘लिव्हलं का खरंच?’ म्हणून विचारतात.

मग जमिनीवर खडूने तीन गोल काढायचे, एकात एक. अगदी मध्यभागी तुम्ही. अगदी जवळची माणसं आतल्या गोलात, त्यानंतरची मधल्यात, कामापुरती बाहेरच्या गोलात. १९८० मध्ये रॉबर्ट काह्न आणि टोनी अँटोनुची यांनी मांडलेली ही पद्धत आहे. तिला अक्षरओळख लागत नाही, म्हणून ती फलाटावरही चालते. जाच देणारा माणूस पुष्कळदा आतल्याच गोलात बसतो, हे त्या खडूच्या रेषांत डोळ्यांना दिसतं. बाकी कुठल्याही तक्त्याने मला ते इतकं स्पष्ट दाखवलं नाही.

गुण द्यायला आम्ही भुईमुगाच्या शेंगा वापरतो. ‘सात पायऱ्यांपैकी तुमचं मत कितव्या पायरीवर’ हा प्रश्न खुर्चीत बसलेल्या माणसाचा आहे. शेंगांचं सोपं आहे: कधीच नाही तर एकही ठेवू नका, कधीमधी एक, बऱ्याचदा दोन, नेहमी तीन. मोजून, लिहून झालं की शेंगा त्यांच्याच.

‘गेल्या महिन्यात’ असंही विचारत नाही. ‘मागच्या अमावास्येपासून’ किंवा ‘चार बाजार झाले तेवढ्यात’ म्हटलं की माणूस बरोबर आठवतो. जेवणाच्या रांगेआधी विचारायचं नाही, भुकेलेला माणूस लवकर संपेल ते उत्तर देतो. प्यालेल्याला विचारायचं नाही.

सगळ्यात अवघड असतो आडोसा. ज्याच्याबद्दल विचारायचं तो दोन हातांवर पडलेला असतो, झोपलाय की नुसते डोळे मिटलेत ते कळत नाही. त्या रात्री आजींनी आवाज खाली केला, तिथेच मी थांबायला हवं होतं. पुढचे प्रश्न मी दुसऱ्या दिवशी नळापाशी, त्या लुगडं धूत असताना विचारले. जाचाचा प्रश्न विचारल्यामुळे जाच वाढला, तर ती पाहणी करायलाच नको होती.

तयार फॉर्म का पुरत नाही

जगभर वापरली जाणारी एक छोटी मोजपट्टी आहे, ग्रेगरी झिमेट आणि सहकाऱ्यांची, १९८८ ची. बाराच प्रश्न: चार घरच्यांबद्दल, चार मित्रांबद्दल, चार एखाद्या खास जवळच्या माणसाबद्दल. ती चांगली आहे, तपासलेली आहे. पण ती रस्त्यावर नेली की घरच्यांचे चार प्रश्न जवळजवळ कोरे जातात. ज्याला घरचं कोणी उरलंच नाही त्याला शून्य, आणि ज्याला घरच्यांनी मारून हाकललं त्यालाही शून्य. ही दोन शून्यं सारखी नाहीत. पहिल्याला माणूस जोडून द्यावं लागेल. दुसऱ्याला एका माणसापासून वाचवावं लागेल. आधार मोजणारी मोजपट्टी जाच विचारत नसेल, तर हा फरक तिला दिसूच शकत नाही.

‘हे लोक खरं कशाला सांगतील?’

हा आक्षेप नेहमी येतो. सगळं खरं कोणीच सांगत नाही, बंगल्यात राहणारेही नाही. इथे भीतीचं कारण मात्र खरं आहे. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, आणि फॉर्म घेऊन येणारा माणूस उचलून नेणाऱ्यांपैकी असेल असं वाटणं चुकीचं नाही. काही जण मदत मिळेल म्हणून ‘कोणीच नाही’ म्हणतात, काही जण भीतीपोटी ‘सगळे चांगले’.

म्हणून मोजपट्टीची परीक्षा घ्यावी लागते. एकच गोष्ट तीन बाजूंनी विचारायची. बोचकं ज्याच्यापाशी ठेवता त्याच्यावर ‘भरवसा अजिबात नाही’ असं उत्तर आलं, तर कुठेतरी गोंधळ आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. फरक पडला तर लगेच मोजपट्टीला दोष द्यायचा नाही, कारण रस्त्यावर दोन आठवड्यांत माणसं खरोखर बदलतात: एखादा गाडीत बसून निघून जातो, एखादा मरतो. आणि शेवटी, आपण मोजतोय ते आधारच आहे ना, हे पाहायचं. मोबाइलमध्ये ४० नंबर आहेत म्हणजे ४० जणांचा आधार आहे असं होत नाही. हे तुमच्या-माझ्या बाबतीतही खरं आहे.

‘आधी घर द्या, नाती मग बघू’

घर द्याच. त्याबद्दल दुमत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांप्रमाणे दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या कायम निवाऱ्याची सोय हवी होती. २०११ साली परभणीची लोकसंख्या ३ लाखांच्या वर होती, हिशोब कोणीही करावा.

पण घर आणि शेजार या दोन गोष्टी आहेत, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असावं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसं नेली. त्यानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की झाली, जमीन ऐसपैस मिळाली. पण नव्या गावांची आखणी सरळ रांगांची होती, आणि एका हाकेत गोळा होणारी जुनी गल्ली तिच्यात बसली नाही. पक्कं घर मिळालेल्या म्हाताऱ्या माणसांकडून मी ‘करमत नाही’ हा शब्द जितक्या वेळा ऐकला तितका दुसरा कुठलाच ऐकला नाही.

निवाऱ्यात जागा देताना हाच प्रश्न येतो. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा निवारा असेल, तर फलाटावर एकमेकांना धरून राहिलेली बहीण-भावंडं किंवा म्हातारं जोडपं पहिल्याच रात्री तुटतं, आणि आठवड्यात पुन्हा फलाटावर येतं. मग ‘यांना राहायचंच नसतं’ असं ऐकू येतं. उलट, जिच्या पैशावर कोणी डल्ला मारतो तिला त्याच माणसाच्या शेजारची गादी मिळते. कोण कोणाला धरून आहे आणि कोण कोणाला भिऊन आहे, एवढं आधी विचारलं तर खर्च काहीच नाही.

‘घरच्यांकडे पोचवून द्या’

हा उपाय सगळ्यांना आवडतो. फोटोही चांगला येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही बेघर किंवा भटकत असलेल्या मनोरुग्णाच्या घरच्यांचा शोध घेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. ती योग्यच आहे. हरवलेलं माणूस घरी पोचतं तेव्हा त्या घरात काय होतं ते मी पाहिलं आहे.

पण प्रत्येक जण हरवलेला नसतो. काही जण निघून आलेले असतात. त्या आजींनी गोल काढताना गावच्या भावाला आतल्या गोलात ठेवलं. आधाराची एक शेंग, लहानपणी खांद्यावर घेऊन शाळेत न्यायचा म्हणून. जाचाच्या चारही प्रश्नांना तीन-तीन. जमीन होती, अंगठा हवा होता, पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नुसता ‘घरी कोण आहे’ असा फॉर्म भरला असता तर उत्तर आलं असतं: भाऊ आहे, पत्ता ठाऊक आहे. कोणीतरी चांगल्या मनाने तिकीट काढून त्यांना गाडीत बसवलं असतं. पाठवण्याआधी आठ प्रश्न विचारणं, आणि ‘नाही’ आलं तर ते मानणं, एवढंच माझं मागणं आहे.

आकड्यात काय ठेवलंय, असं म्हणणाऱ्यांना मी पैसेवारीची, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजाची, आठवण देते. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, एवढ्या एका आकड्यावर गावाचं वर्ष ठरतं. आजी कलेक्टर कचेरीत जाऊन बोलणार नाहीत. त्यांचा ९ आणि त्यांचा ८ तिथे जाऊ शकतो.

राहिलेला रकाना

नळापाशी सगळं विचारून झाल्यावर आजी शेंगा पदरात बांधत म्हणाल्या, "मंग ह्यालाबी इचारा की. माझा त्याला किती आधार हाय ते."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. माणूस घेतो किती एवढंच मोजलं तर तो नुसता हात पसरणारा दिसतो. देतो किती हेही विचारावं लागतं. चार दिवसांनी तो सकाळी शुद्धीत भेटला. आजी काय बोलल्या यातलं एक अक्षर मी त्याला सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना विचारतो तसंच विचारलं. त्याने आतल्या गोलात एकच नाव ठेवलं, ‘म्हातारी’, आणि आधाराच्या चारही प्रश्नांपुढे तीन-तीन शेंगा मांडल्या. जाचाच्या प्रश्नांवर आलो. ती तुम्हाला शिव्या देते का, पैसे काढून घेते का, मारते का. त्याने एकही शेंग ठेवली नाही. बराच वेळ मूठ तशीच मिटलेली होती.

मग म्हणाला, "बाई, मी मारतो, ते कुठं ठिवायचं?"

माझ्या फॉर्मवर तसा रकाना नव्हता. मी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पेनाने चार रेघा ओढल्या.